दादाची पिकअप चालू होत नाही

चावी टेबलावर आपटली तेव्हा करंटने मान वर केली नाही. हातातल्या हॉर्नचा स्क्रू पिळत तो तसाच बसून राहिला. पण ती चावी कोणाची आहे हे त्याला आवाजावरून कळलं होतं, आणि कळल्याबरोबर त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"भाऊजी, परत तेच," वहिनी म्हणाल्या.

"तेच म्हणजे काय?"

"चावी फिरवली की काही नाही. टक्कनसुद्धा वाजत नाही. सकाळी रोपवाटिकेतल्या माळ्याने मागून धक्का दिला तेव्हा कुठे निघाली."

"वहिनी, मागच्या खेपेला हीच गाडी माझ्या दारात पंधरा वेळा चालू झाली. लागोपाठ. मी मोजत होतो."

"मी कुठे नाही म्हणते? तुमच्या दारात होते, आमच्या दारात होत नाही. त्याला मी काय करू?"

वहिनींचा आवाज शांत होता. नऊ वर्षं दोन भावांमधले निरोप पोचवून त्या आवाजातले चढउतारच गेले होते. त्या जायला वळल्या आणि शटरपाशी थोडं घुटमळल्या.

"आणखी काय म्हणाला तो?" करंटने विचारलं.

"कुठे काय."

"वहिनी, मी काही तुम्हाला आज ओळखत नाही."

"म्हणाले, मुद्दाम करतोय. माझं काम बंद पाडायचंय त्याला."

हॉर्न करंटच्या हातातून सुटला, की त्याने फेकला, हे सांगणं कठीण आहे. तो शटरवर आपटला आणि फुटला. वहिनींनी खाली वाकून हॉर्नचे तुकडे गोळा केले, टेबलावर चावीच्या शेजारी नीट मांडले आणि निघून गेल्या.

करंटचं खरं नाव गल्लीत कोणाला आठवत नसे. तोंडावर सगळे काका म्हणत, पाठ फिरली की करंट. तो गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो म्हणून हे नाव पडलं, असं त्याची बायको पाहुण्यांना सांगायची. पाहुणे तिच्यावर विश्वास ठेवून आत यायचे, आणि पाच मिनिटांत त्यांना खरं कारण कळायचं. हातातून निसटून नेमका गाडीखाली घरंगळणाऱ्या नटाचा त्याला राग यायचा. "जरा बघता का" म्हणणाऱ्या माणसाचा यायचा, कारण जरा बघून काही कळत नाही. वायर तोडून चिकटपट्टी गुंडाळणाऱ्यांचा तर इतका यायचा की, अशी पट्टी सापडली की तो ती जपून सोडवायचा आणि गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवून म्हणायचा, "घरी न्या. फोटोशेजारी लावा."

त्याचा गाळा म्हणजे एक शटर आणि आत दीड गाडी मावेल एवढी जागा. भिंतीवर खिळ्यांना रंगाप्रमाणे वायरी लटकवलेल्या. गिऱ्हाइकांना बसायला एका जुन्या गाडीची सीट, जिची एक स्प्रिंग वर आलेली होती. ती दुरुस्त करायला त्याला दहा मिनिटं लागली असती. पण ती टोचते म्हणून माणसं फार वेळ बसत नाहीत, हा हिशेब त्याने केव्हाच करून ठेवला होता.

एवढं असूनही लोक यायचे, कारण चालू न होणारी गाडी त्याच्याएवढी कोणालाच कळत नसे. चावी फिरवल्यापासून इंजिन घरघरेपर्यंत दोन सेकंद जातात. तेवढ्यात बॅटरीतली वीज चावीच्या खटक्यातून जाते, तिथून क्लचच्या पेडलमागे असलेल्या एका छोट्या स्विचमधून, तिथून रिले नावाच्या डबीतून, आणि मग इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टरला पोचते. क्लच तळापर्यंत दाबला नसेल तर तो छोटा स्विच वीज पुढे सोडत नाही. गाडी गिअरमध्ये असताना चुकून उडी मारू नये, म्हणून बनवणाऱ्यांनी केलेली ती सोय. या रस्त्यावर वीज कुठे अडली आहे, हे करंट नुसत्या आवाजावरून सांगायचा.

आणि त्याची एक पद्धत होती. गाडी आली की तो तिला हात लावत नसे. आधी मालकाला म्हणायचा, "तुम्ही चालू करा. रोज करता तशी." आणि स्वतः दाराशी उकिडवा बसून बघायचा. एका शाळेच्या बाईंनी तीन मेकॅनिक पालथे घातले होते. याने पाहिलं, तर बाईंच्या चावीला शाळेच्या सगळ्या कपाटांच्या चाव्यांचा अर्धा किलोचा जुडगा. त्या वजनाने लोंबकळून चावीचं कुलूपच आतून झिजलं होतं. दुसरा एकजण चावी फिरवताना घाईघाईत दिवे, पंखा, गाणी सगळं एकदम लावायचा. ते गाडीच्या पोटात शिरून थोडंच सापडणार? माणूस बघायला लागतो, असं करंट म्हणायचा, आणि ते तो अगदी हट्टाने पाळायचा.

आता दादाबद्दल सांगायला हवं. करंट सांगणार नाही; त्याने नऊ वर्षांत दादा हा शब्द तोंडातून काढलेला नाही. 'तो' म्हणतो.

पूर्वी दोघांचं गॅरेज एकच होतं. दादा सात वर्षांनी मोठा. तो इंजिन बघायचा, हा वायरिंग. एका दुपारी एका गिऱ्हाइकाची व्हॅन गॅरेजच्या दारातच पेटली. कोणाला इजा झाली नाही, पण व्हॅनचा सांगाडा तेवढा उरला. पेट्रोलची नळी दादाने सैल ठेवली होती. करंटने ती व्हॅन पेटण्याआधी दोन मिनिटं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती आणि "नळी बघ" असं सांगितलंही होतं. गिऱ्हाईक आरडाओरडा करायला लागलं तेव्हा दादा दहा माणसांसमोर म्हणाला, "वायरिंग माझ्या भावाचं आहे. त्याला विचारा."

करंट त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. आयुष्यात एकदाच तो गप्प बसला, आणि तेच त्याला नऊ वर्षं सलत होतं. दुसऱ्या दिवशी त्याने आपली हत्यारं उचलली आणि गल्लीच्या खालच्या टोकाला हा गाळा घेतला. दादा वरच्या टोकाला राहिला. पुढे दादाने इंजिनाचं काम सोडलं आणि जुन्या पिकअपवर रोपवाटिकेची रोपं पोचवायला लागला. वर्षभर लोक समेट घडवायला येत राहिले. करंटने त्यांना त्या स्प्रिंगवाल्या सीटवर बसवलं. मग येणं थांबलं.

पिकअप पहिल्यांदा आली ती महिन्यापूर्वी. रोपवाटिकेतला माळी तिला घेऊन आला, सोबत वहिनी. "दुसरीकडे दाखवली, कोणाला जमेना," वहिनी म्हणाल्या. "रोपवाटिकेचे मालक म्हणतात, गाडीचा भरवसा नसेल तर दुसरी गाडी बघतो. आणि गाडी गेली की हे घरात बसणार. घरात बसले की तुम्हाला माहितीच आहे."

करंटला माहिती होतं. दादाला बसता येत नसे. आजारपणातही तो अंथरुणात पडून घरातल्या घड्याळाचे स्क्रू काढायचा. "ठेवा," एवढंच करंट म्हणाला, आणि कामाला लागला.

त्या वेळी दोष खरोखर होता. स्टिअरिंगखालचं झाकण उघडून त्याने चावीच्या मागचा खटका बाहेर काढला, तर आतली तांब्याची पट्टी जळून काळी पडलेली. नवा खटका बसवला. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. माळी ती घेऊन गेला. आठ दिवसांनी परत हजर.

दुसऱ्या खेपेला करंटने रिले बदलला. बॅटरीच्या तारा घासून चकचकीत केल्या. क्लचमागचा स्विच चांगला होता तरी तोही नवा घातला, म्हणजे कोणाला बोलायला जागा नको. सीटवर बसून स्वतःच्या पायाने पेडल दाबत पंधरा वेळा गाडी चालू केली, पंधरा वेळा बंद केली. माळी घ्यायला आला तेव्हा त्यालाही करायला लावली. चालू.

"काही आवाज, काही त्रास?" करंटने विचारलं.

माळी मुळात मितभाषी. बराच विचार करून तो म्हणाला, "त्यांच्या हाताने गिअर टाकताना करकरते."

"करकरणारच!" करंट उसळला. "जन्मभर दुसऱ्यांची इंजिनं खोलली, आणि स्वतःला गिअर टाकता येत नाही. सांग त्याला. माझं नाव घेऊन सांग."

माळ्याने ते सांगितलं की नाही, देव जाणे.

आणि आज तिसरी खेप. शिवाय वर आरोप, मुद्दाम करतोय. समोरचा सुट्या भागांचा दुकानदार पुडी बांधता बांधता म्हणाला, "काय काका, घरच्याच गाडीने हात टेकायला लावले म्हणे." तो गमतीत म्हणाला होता. करंटने त्याच्याकडे असं पाहिलं की दुकानदार आत जाऊन उगाचच खोकी मोजायला लागला. पण शब्द बसायचा तिथे बसला होता. दुपारी जेवायला घरी जाईपर्यंत करंटच्या डोक्यात तो एकच विचार पिंगा घालत होता. आपला हात गेला का? छप्पन्न वर्षांच्या माणसाचा कान जातो, नजर जाते, तसं हे कसबही जातं का? आणि जायचं होतं तर नेमकं या माणसाच्या गाडीवर जायचं होतं?

घरी त्याने ताट पुढे ओढलं आणि तसंच मागे सारलं.

"मुद्दाम करतो म्हणे मी! मी! बिघाड ठेवून गाडी द्यायला मी काय तो आहे?"

बायको पाणी ओतत होती. तिला या रागाची इतकी सवय होती की ती त्यातूनच वाट काढत घरातली कामं करायची. "सगळं तपासलंत?" तिने विचारलं.

"सगळं म्हणजे सगळं. वीतभर वायर सोडली नाही."

"तुम्ही चालू केली की होते?"

"होते."

"माळ्याने केली की?"

"होते गं!"

"मग भावोजींनी चालू करताना बघितलं का तुम्ही?"

करंटने ताट परत पुढे ओढलं.

"शाळेच्या त्या बाईंची गोष्ट तुम्ही मला शंभर वेळा सांगितलीत," बायको म्हणाली. "सगळ्यांना दारात बसवून बघता. यांनाच तेवढं बघितलं नाहीत."

करंट इतका भडकला की ताटावरून उठला. बायको चुकली असती तर तो एवढा भडकला नसता. ती बरोबर होती. या एका गिऱ्हाइकाला त्याने आपली पद्धत लावली नव्हती, कारण लावायची तर त्याला समोर बोलवावं लागलं असतं, त्याच्याकडे बघावं लागलं असतं. महिनाभर तो निर्जीव वायरींशी झगडत होता, आणि तेही भावाचं तोंड बघायला नको म्हणून. आपलीच चूक निघाली की माणसाला राग काढायला जागा उरत नाही. त्याने तो चपलांवर काढला. एक पायात घातली, दुसरी दारापर्यंत लाथेने उडवली.

वाटेत माळी भेटला. "त्याला म्हणावं, उद्या सकाळी स्वतः यायचं. माझ्यासमोर चालू करून दाखवायची. नाही आला तर गाडी उचलून कुठे न्यायची तिथे न्या. माझ्या दारात उभी करायची नाही."

दादा सकाळी आला.

पिकअप गाळ्यामागच्या मोकळ्या जागेत उभी होती. ट्रक वळवायला ठेवलेली पक्की जागा, पलीकडे गोदामाची भिंत. नऊ वर्षांत करंटने दादाला लांबून पाहिलं होतं, गाडीच्या काचेमागे, गल्लीच्या टोकाला. जवळून आज पाहिलं. केस पांढरे झालेले, आणि चाल विचित्र. पावलं तो उचलून ठेवत नव्हता, टाकत होता. पायांत जाड तळव्याचे बूट. वहिनी मागून येत होत्या, हात पुढे धरून, पण न लावता.

दोघा भावांनी एकमेकांना नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"चालू कर," करंट म्हणाला.

"तुझ्यासमोर होईल चालू. तुझाच खेळ आहे ना सगळा."

"चालू कर म्हटलं ना!"

दादा दाराला धरून वर चढला. करंट उघड्या दाराशी उकिडवा बसला. दादाने गिअर हलवून न्यूट्रल पाहिला, डावा पाय पेडलवर ठेवला, दाबला आणि चावी फिरवली.

काही नाही. टक्कनसुद्धा नाही.

"बघ!" दादा ओरडला. "दिसलं? आता तरी दिसलं?"

करंटला दिसलं होतं. पेडल खालच्या पत्र्यापासून चार बोटं वर होतं.

"पाय दाब."

"दाबलाय."

"पूर्ण दाब."

"पूर्णच दाबलाय. मला शिकवतोस? क्लच कसा दाबायचा हे तू मला शिकवणार?"

त्याच्या मांडीला ताठ पीळ पडला होता. माणूस खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच वाटत होतं की पेडल तळाला टेकलं आहे. करंटने पुढे होऊन दोन्ही हातांनी त्याचा बूट धरला आणि खाली रेटला. "आता फिरव." चावी फिरली आणि पहिल्या झटक्यात इंजिन घरघरलं.

मग करंटने तोच बूट ओढून काढला. बुटाच्या तळव्यातून एक बोटभर लांबीचा स्क्रू आरपार आत गेला होता. मोजा तळव्याला चिकटून काळपट झाला होता.

"हे कधीपासून आहे?" करंटने विचारलं.

दादा वाकून बघत होता. "काय?"

"हे! हे पायात घुसलंय ते! कधीपासून?"

दादाला ते सांगता आलं नाही. त्याला ते आत्ताच कळत होतं. वहिनींनी तोंडाला पदर लावला. "साखर आहे त्यांना. मुंग्या येतात म्हणतात. पायाला हात लावू देत नाहीत मला," त्या म्हणाल्या. "बूट मीच बाहेरून पुसते हो रोज. मला कसं दिसलं नाही?"

करंटच्या अंगाचा थरकाप उडाला, आणि त्याच्या बाबतीत थरकापाचं रागात रूपांतर व्हायला वेळ लागत नसे. "महिनाभर तू या पायाने गाडी चालवतोयस? शाळेसमोरून? बाजारातून? उतारावर धक्का मारून? अरे, अक्कल गहाण टाकलीस का?"

"ओरडू नकोस. हा डावा पाय आहे. क्लचचा. ब्रेकचा पाय उजवा, आणि उजवा ठणठणीत आहे." दादा सरळ बसला. बोलताना तो पुन्हा गॅरेजचा मालक झाला होता. "तो क्लचमागचा स्विच डायरेक्ट करून टाक. दोन वायरी जोडायच्या, पाच मिनिटांचं काम आहे. मग पेडल अर्धं दाबलं काय, नाही दाबलं काय, गाडी चालू होईल."

"नाही करणार."

"नको करूस. कोपऱ्यावरचा करून देईल. तो विचारणार पण नाही."

हे खरं होतं, आणि म्हणूनच करंटच्या तोंडचं पाणी पळालं. गल्लीतल्या कोणीही पाच मिनिटांत दोन वायरी जोडून चिकटपट्टी मारली असती आणि पिकअप हसतहसत बाजारात गेली असती. तो कितीही ओरडला, त्याने कितीही पाय धरले, तरी दादा ऐकणारा नव्हता. दहा माणसांसमोर खोटं बोलून जो नऊ वर्षं मान खाली घालत नाही, तो एका स्क्रूने कसा घालेल?

"उजवा ठणठणीत आहे ना?" करंट उठला. "ठीक आहे. दाखव मला."

तो चालत गेला आणि गोदामाच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला, पिकअपच्या नाकासमोर, पंधराएक पावलांवर.

"भाऊजी!" वहिनी किंचाळल्या.

"तुम्ही मध्ये येऊ नका. ए! पहिला गिअर टाक आणि माझ्यापर्यंत आण गाडी. इथे थांबव. माझ्या समोर. थांबली तर मी स्वतः तो स्विच डायरेक्ट करून देतो, आणि जन्मभर तोंड उघडत नाही."

"बाजूला हो."

"का? ठणठणीत आहे ना?"

"बाजूला हो म्हणतोय ना, गाढवा!"

"आण गाडी! इतकी वर्षं मला चुकीचा ठरवतोयस ना? आण! आज ठरव!"

हा वेडेपणा होता, हे सांगायची गरज नाही. रागात माणसाला आपण काय करतोय हे कळत नाही असं म्हणतात. करंटला चांगलं कळत होतं. पाठीला भिंतीचा गारवा लागत होता. पण आता हलायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. हा इथून त्या स्विचसकट बाहेर पडला तर उद्या याच जागी दुसरं कोणीतरी उभं असेल, आणि ते आपण होऊन उभं राहिलेलं नसेल.

दादाही त्याच बापाचा मुलगा. त्याने हिसडा मारून गिअर ओढला. करकर असा आवाज आला आणि पिकअपने पुढे उडी घेतली.

पहिल्या गिअरमध्ये गाडी काही वाऱ्यासारखी जात नाही. माणूस चालतो तशी ती आली. करंटला काचेमागे दादाचा चेहरा दिसत होता, रागाने लाल, जबडा आवळलेला. दहा पावलं. सात पावलं. दादाचा खांदा पुढे झुकला. त्याने पाय दाबला, हे दिसलं. गाडी आहे त्याच वेगाने येत राहिली. पाच पावलं. खांदा आणखी झुकला, अंगाचा सगळा भार त्या पायावर. गाडी येतच राहिली. आणि मग करंटने दादाच्या चेहऱ्यावरचा राग नाहीसा होताना पाहिला, आणि त्या जागी जे आलं ते त्याने वडील गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. दादाचा उजवा हात स्टिअरिंगवरून सुटला, चावीकडे झेपावला आणि चावी उलटी फिरली.

इंजिन बंद पडलं. गिअरमध्येच असलेली गाडी आचके देत थांबली. बंपर करंटच्या मांड्यांपासून हातभर अंतरावर होता.

वहिनी खाली बसल्या होत्या. करंटला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. तो भिंतीपासून सुटला, गाडीच्या कडेने धावत गेला आणि दार खसकन उघडलं. त्याला पुष्कळ बोलायचं होतं. नऊ वर्षांचं सगळं तोंडाशी आलं होतं.

दादा समोर भिंतीकडे बघत बसला होता. दोन्ही हातांनी स्टिअरिंग गच्च धरलेलं. उजवा पाय अजून जीव खाऊन दाबलेला, इतका की पूर्ण मांडी थडथड उडत होती.

"ब्रेकवरच आहे ना रे माझा पाय?" त्याने विचारलं.

करंटने खाली पाहिलं.

"नाही, दादा," तो म्हणाला. "पत्र्यावर आहे."